‘तेच ते धडाम-धुडूम’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

टेक्नो या यंत्रांवर केलेल्या नाचाच्या संगीतावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे ऐसपैस लिहितेय. बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या म्हणण्याचा गोषवारा असा: हे संगीत म्हणजे यंत्रानं बडवलेला एकच ठोका, ना शब्द ना सूर, डीजे नुसती बटणं दाबतो, रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्या) हे नशा करायला शोधलेलं निमित्त, तिकीट लावून विकल्या जाणाऱ्या गोष्टीला बंडखोर म्हणणं हा विनोद, आणि केस पांढरे व्हायला लागलेल्यांनी याच्यावर भरभरून लिहिणं हे ‘तरुणपण सोडवत नसल्याचं लक्षण’. शेवटचा टोला चांगला लागलाय, पण त्याच्याकडे सावकाश येते.

आधी तो ठोका. तो एकच असतो हे अगदी मान्य. मिनिटाला साधारण १२० ते १४० वेळा पडतो आणि तसाच पडत राहावा अशीच योजना असते. तुम्ही त्याच्याकडे कान लावून बसलात आणि त्यातच काही घडेल म्हणून वाट बघितलीत, म्हणून वैतागलात. जे घडतं ते त्याच्या आजूबाजूला.

रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रमचे आवाज काढणारं यंत्र १९८३ साली बाजारात आलं आणि दोनेक वर्षांत बंदही झालं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मग ती यंत्रं वापरलेल्या मालाच्या दुकानांत पडून राहिली आणि ज्यांना नवीन काही परवडत नव्हतं त्या पोरांच्या हाती लागली. या यंत्राच्या खालच्या कडेला एका ओळीत १६ बटणं आहेत, प्रत्येकाला बारकासा दिवा. किक (मोठ्या ड्रमचा आवाज) निवडून १, ५, ९ आणि १३ नंबरची बटणं दाबली की तुमचे ते चार धडाम तयार. मग उघडी हाय-हॅट (ड्रमसोबतच्या झांजांची जोडी) निवडून ३, ७, ११, १५ दाबा. आता दर दोन ठोक्यांच्या बरोबर मधे ‘त्स्स’ येतो आणि इतका वेळ जागच्या जागी उभं असलेलं सगळं चालायला लागतं. इथपर्यंत कुणालाही जमेल, तुम्हालाही, दहा मिनिटांत. ती हाय-हॅट किती वेळ रोखून धरायची आणि लोकांना हवीहवीशी झाली असतानाच काढून कधी घ्यायची, हे मात्र वर्षानुवर्षं वाजवून कळतं. पाच-सहा मिनिटं फक्त किक आणि खालून घुमणारा बास चालू आहे, घाम निथळतोय, आता काहीतरी यावं असं पायांना वाटतंय, आणि मग तो ‘त्स्स’ येतो. अख्ख्या फ्लोअरचे खांदे एकदम सैल होतात. दाद द्यायची ती तेवढीच, पण ती खोटी देता येत नाही.

याचं टोक बघायचं तर जेफ मिल्स या डेट्रॉइटच्या टेक्नो डीजेची १९९४ सालची एक रेकॉर्ड आहे. तिच्यावर काही खाचा बंद वर्तुळाच्या आहेत. सुई पुढे सरकतच नाही, तेवढाच तुकडा फिरत राहतो. हिशेब करून बघा: मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. त्यात चार ठोके बसवले की मिनिटाला १३३ आणि वर थोडे. तबकडीच्या वेगानंच लय ठरवून टाकलेली! असा तुकडा लावून बसलं की आधी कंटाळा येतो, मग थोडी चिडचिड होते, आणि त्यानंतर कान उद्योगाला लागतो. मघाशी मागे असलेला आवाज पुढे आलासा वाटतो, दोन आवाजांच्या मधे तिसराच कुणीतरी गुणगुणतोय असं वाटतं. तुकडा तोच आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी कान ऐकत नाही.

मी या संगीतात इतकी वर्षं रमले त्याचं कारण इथेच आहे. गाणं असलं की गाणाऱ्याकडे बघावं लागतं. शब्द असले की कुणाचं तरी दुःख, कुणाचा तरी प्रेमभंग समजून घ्यावा लागतो. टेक्नोमध्ये मधली जागा रिकामी ठेवलेली असते. तिथे कुणी उभं राहून तुम्हाला काय वाटायला हवं ते सांगत नाही. बाई म्हणून मला त्या अंधारात आणखी एक गोष्ट मिळाली: आपण कशा दिसतोय याचा विचार तासन्‌तास डोक्यात न येणं. (सगळीकडे असंच असतं असा माझा दावा नाही. चिकटू माणसं तिथेही येतात. पण चांगल्या क्लबात त्यांना बाहेर काढतात आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर दारातच स्टिकर लावतात.)

बटणांबद्दल. दोन रेकॉर्डची लय जुळवणं हे पूर्वी कसबाचं काम होतं: एका कानावर हेडफोन, दुसरा कान हॉलकडे, बोटानं तबकडीला हलकासा धक्का. आता ते यंत्र करून देतं, आणि त्यावर जुन्या मंडळींइतके मी तरी अश्रू ढाळत नाही. खरी करामत दोन ट्रॅक एकत्र चालू असताना बासच्या खुंटीवर दिसते. दोघांचे बास एकदम वाजले तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा पूर्ण उतरवायचा आणि त्याच ठोक्याला दुसऱ्याचा चढवायचा. नीट जमलं तर वरचे आवाज तसेच राहतात आणि पायाखालची जमीन तेवढी बदलते. अर्धा ठोका चुकलं तर सगळ्या हॉलला कळतं, कारण नाचणाऱ्याच्या पायाला खोटं बोलता येत नाही.

आता यंत्र आणि भावना. हे संगीत ज्या शहरातून आलं तिथे यंत्र ही काही हौसेची गोष्ट नव्हती. डेट्रॉइट म्हणजे अमेरिकेतलं मोटारींचं शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, १९९० पर्यंत ते दहा लाखांवर आले. कारखाने हलले, जे राहिले त्यांत माणसांच्या जागी रोबोट आले, गोरी वस्ती उपनगरांत निघून गेली. अशा वेळी वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डर्सन या बेलव्हिल हायस्कुलात शिकलेल्या तीन कृष्णवर्णीय मुलांनी त्याच यंत्रांच्या जातीची वाद्यं हातात घेतली. रात्री रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ नावाचा निवेदक क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक गट आणि फंक हे कृष्णवर्णीयांचं नाचाचं संगीत एकाच कार्यक्रमात लावायचा, ते यांच्या कानात मुरलेलं होतं. बापाची नोकरी ज्या यंत्रानं घालवली असेल त्याच्याकडून नाचायला लावणारं काहीतरी काढून घ्यायचं, यात तुम्हाला भावना दिसत नाही? मला तर त्याच त्याच प्रेमगीतांपेक्षा जास्त दिसते.

१९९० च्या आसपास याच शहरात ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ हा गट उभा राहिला. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी तो काढला आणि रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाला. ही मंडळी फोटोत चेहरे झाकायची आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांना चार हात लांब ठेवायची. तिकडे १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली होती. पूर्व बर्लिनमध्ये मालक कोण हेच माहीत नसलेल्या इमारती ओस पडल्या होत्या. मार्च १९९१ मध्ये ‘ट्रेझोर’ क्लब सुरू झाला तो वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत. वरची इमारत कधीच पाडलेली, खाली भिंतीला गंजलेले लॉकर तसेच, छत हाताला लागेल इतकं खाली. पूर्वेची आणि पश्चिमेची पोरं तिथे एकमेकांना घासून नाचली. ट्रेझोरनं रेकॉर्ड काढायचं ठरवलं तेव्हा पहिली रेकॉर्ड आली ती याच डेट्रॉइटच्या गटाची. २०२४ साली बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. झाली ते चांगलंच, पण डेट्रॉइटच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं आलं, हे माझ्यासारख्या जुन्या चाहत्यांना खुपतं.

तिकिटाच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. बर्लिनमध्ये लव्ह परेड ही टेक्नोची मिरवणूक १९८९ साली पहिल्यांदा निघाली तेव्हा दीडेकशे माणसं रस्त्यावरून नाचत गेली. दहा वर्षांत त्याचा लाखोंचा जत्रा-बाजार झाला. २००१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानंही हे राजकीय निदर्शन आहे असं मानायला नकार दिला. २०१० साली डुइसबुर्गला एका उताराच्या रस्त्यावर गर्दी कोंडली, २१ माणसं गेली, आणि तिथे तो अध्याय संपला. आज मोठ्या फेस्टिव्हलांत स्टेजवर डीजेचा चेहरा तीन मजली पडद्यावर दाखवतात आणि खाली सगळे मोबाईल उंचावून उभे असतात. मला तिथे गुदमरायला होतं. पण एवढ्यावरून बंडखोरी कधी नव्हतीच असं म्हणता येत नाही. १९९२ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो लोक आठवडाभर फुकट नाचले, आणि दोन वर्षांत ब्रिटिश संसदेनं कायदाच केला. रात्री उघड्यावर शंभर किंवा अधिक माणसं मोठ्या आवाजात संगीत लावून जमली तर पोलिसांना ती हटवता येतील, आणि ‘संगीत’ यात एकामागून एक त्याच त्या ठोक्यांनी ओळखू येणारे आवाजही धरले जातील! म्हणजे तुमची तक्रार कलम ६३ म्हणून आधीच छापून झालीय. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीनं त्यावर एक ट्रॅक असा केला की त्यात ठोक्यांचं एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि वाजवताना सोबत वकील आणि संगीततज्ज्ञ ठेवा असा सल्ला वेष्टनावर छापला. जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१८ चा मे घ्या. जॉर्जियात तिबिलिसीच्या बासियानी क्लबवर शस्त्रधारी पोलीस शिरले. हा क्लब फुटबॉल स्टेडियमखालच्या कोरड्या जलतरण तलावात आहे. दुसऱ्या दिवशी लोकांनी संसदेसमोर स्पीकर लावून नाच केला आणि गृहमंत्र्यांना येऊन माफी मागावी लागली.

नशेबद्दल थोडक्यात, कारण त्यात सजवून सांगण्यासारखं काही नाही. गोळ्या होत्या, आहेत, आणि त्यांनी माणसं गेली आहेत. हे लपवणारा चाहता मला आवडत नाही आणि त्याचं कौतुक करणारा तर त्याहून नाही. पण निमित्तच हवं असेल तर त्यासाठी घरचा सोफा पुरतो. काहीही न घेता, पाण्याच्या बाटलीवर सकाळपर्यंत नाचणारे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात. मी त्यांतलीच. आणि गर्दीत कुणाला गरगरलं तर आधी हात द्यायला बहुतेक वेळा जुनेच लोक पुढे येतात: बाहेर हवेत नेणं, सोबत बसणं, मदत बोलावणं. तेवढं शहाणपण वर्षांनीच येतं.

राहिलं वय. जेफ मिल्स १९६३ सालचा. साठी उलटली, अजून वाजवतो, आणि ९०९ वर त्याची बोटं बघितलीत तर बटणं दाबण्याचा मुद्दा तुम्ही आपणहून मागे घ्याल. आम्ही चाहतेही त्याच्यासोबत वाढलो. हल्ली मी इअरप्लगशिवाय आत जात नाही. अंगठ्याएवढी डबी किल्लीला लटकवलेली असते, कारण कान एकदा गेला की परत येत नाही आणि कानात कायमची शिट्टी घेऊन बसलेले दोघेतिघे माझ्या माहितीत आहेत. स्पीकरला चिकटून उभी राहत नाही, हॉलच्या मागच्या तृतीयांशात राहते. तिथे बास जास्त एकसंध लागतो आणि कोपर मारणारी पोरंही नसतात. रात्रभर जागायचा हट्टही सोडला. बर्लिनमधले मुरलेले लोक शनिवारी रात्री चक्क घरी झोपतात, रविवारी सकाळी नाश्ता करून, आंघोळ करून क्लबात येतात आणि दुपारी दमलेल्या पोरांच्या मधे ताजेतवाने नाचतात. त्यांच्याकडे बघून तरुणपण सुटत नाहीये असं तुम्हाला वाटेल का, मला शंका आहे.