अंगठीतून निघाली म्हणून पश्मिना होत नाही

सध्या आमच्या रत्नागिरीत जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वरती "शाल घेताना फसू नका" आणि खाली मुद्दे: अंगठीतून आरपार गेली ती अस्सल पश्मिना, दोरा जाळून केसांचा वास आला की शंभर टक्के पश्मिना, गोळे आले म्हणजे नकली, हाताला जितकी मऊ तितका माल भारी, आणि शेवटी खास आपल्यासाठी, कोकणच्या दमट हवेत लोकर सडते तेव्हा सिंथेटिकच घ्या. मी कापडाच्या दुकानात काउंटरला असते, शाली-स्टोल माझ्याकडेच, आणि हल्ली गिऱ्हाईक आधी फोन पुढे धरतं मग शाल बघतं. लोक चांगल्या मनाने पाठवतात हे मान्य, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि त्यानेच माणसं जास्त फसतात, म्हणून लिहितेय.

अंगठीचं आधी घेते कारण सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर आहे. अंगठीतून कापड जातं म्हणजे ते पातळ आणि सुळसुळीत आहे, बास, एवढंच कळतं. व्हिस्कोसचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात केलेल्या धाग्याचा स्टोल जातो, त्याच्याच जातीचं मोडाल जातं, पातळ सिल्क तर सरसर जातं. उलट जरा भरीव विणीची किंवा सगळीभर सोझनी, म्हणजे काश्मिरी बारीक सुईकामाचं भरतकाम केलेली खरी पश्मिना अडकून बसते, आणि तुम्ही ओढाताण केलीत तर धागा तुटून शालीचं नुकसान होतं ते वेगळंच. मुळात "रिंग शाल" हे नाव शाहतूशचं. ती चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची, आणि ती लोकर मिळवायला प्राणी मारतात, म्हणून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. तेव्हा कोणी कौतुकाने "ही रिंग शाल बरं का" म्हणून दाखवली तर एकतर तो खोटं बोलतोय नाहीतर बेकायदा माल विकतोय, दोन्ही बाबतीत तिथून निघायचं.

पश्मिना येते लडाखच्या चांगथांग भागातल्या बकऱ्यांपासून, 4000 मीटरच्या वरचा प्रदेश, तिथल्या थंडीमुळे बकरीला आतून जी बारीक लव येते ती वसंतात विंचरून काढतात. तिची जाडी साधारण 12 ते 16 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), आपला केस त्याच्या चार-पाच पट जाड असतो. एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची वर्षभराची लोकर लागते आणि मग हाताने कातणं, हातमागावर विणणं. आता सांगा, हे सगळं करून कोणी 500 रुपयांत शाल कशी देईल? त्या किमतीत मिळतं ते व्हिस्कोस नाहीतर अ‍ॅक्रिलिक. ते वाईट असतं असं नाही, व्हिस्कोस म्हणून विका, व्हिस्कोसचे पैसे घ्या, माझं काही म्हणणं नाही. खरीच पश्मिना हवी असेल तर "काश्मीर पश्मिना"ला 2008 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, श्रीनगरच्या तपासणी केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली तंतू तपासून मग नंबर असलेलं लेबल लावतात, ते लेबल मागा. लग्नाच्या बस्त्यात एवढा खर्च करणार असाल तर मागायला लाजू नका.

आता जाळायचं. एक काका आले, नवी कोरी शाल हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, जरा काडेपेटी द्या." मी म्हटलं काका, दशीतला एक धागा काढून देते, बाहेर जाऊन जाळा, पण त्याने तुम्हाला जे कळायला हवंय ते कळणार नाही. जाळून कळतं ते इतकंच: केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे प्राण्यापासूनचा धागा, कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर-अ‍ॅक्रिलिक. म्हणजे मेंढीची साधी लोकर जाळलीत तरी केसांचाच वास, रेशमाचाही जवळपास तोच, आणि पश्मिनाचाही तोच. मग पश्मिना कशी ओळखली? अर्धी लोकर अर्धं अ‍ॅक्रिलिक असेल तर अजूनच गोंधळ. कोणी जुनी साधी लोकरी शाल "जाळून दाखवतो" म्हणत पश्मिनाच्या भावाने गळ्यात मारू शकतो, आणि हा मेसेज त्याला मदतच करतो.

त्यापेक्षा दशीतला धागा घेऊन मधे ओला करा आणि दोन्हीकडून ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर बहुतेक व्हिस्कोस, कारण ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद निम्म्यावर येते. सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त चिवट होतो. हे प्रत्येकाला घरी करता येतं आणि आपल्याकडे, जिथे कपडे दिवसेंदिवस ओलेच राहतात, तिथे कामाचंही आहे. मग शाल उजेडासमोर धरून वीण बघा, कुठे विरळ कुठे दाट असं दिसतं का, काठ सरळ आहे का, दशांच्या गाठी पक्क्या आहेत का. हाताने कातलेला धागा थोडा कमीजास्त जाडीचा असतो, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी दिसतं. फक्त ते बघून पश्मिना ठरवू नका, एवढंच.

गोळ्यांचं पटकन सांगते. गोळे खऱ्या पश्मिनालाही येतात, तंतू आखूड आणि बारीक असले की घासल्याने येणारच. फरक पुढे कळतो. लोकरीचे गोळे वापरात गळून जातात किंवा हलक्या हाताने निघतात, अ‍ॅक्रिलिकचे घट्ट चिकटून राहतात कारण तो धागा तुटत नाही. आणि मऊपणा तर फिनिशिंगने आणता येतो, सिलिकॉन सॉफ्टनर मारलेलं कापड दुकानात लोण्यासारखं लागतं आणि दोन-चार धुण्यांत खरं रूप दाखवतं.

राहिला कोकणचा मुद्दा, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात लोक पिढ्यानपिढ्या लावणीला इरलं नाहीतर घोंगडी डोक्यावरून घेऊन चिखलात उभे राहिलेत. घोंगडी म्हणजे घाटावरच्या मेंढ्यांची जाडीभरडी लोकरच ना! लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून श्रावणात संध्याकाळी पॉलिएस्टरची शाल घेतली की मानेला चिकचिक होते. हे खरं की पॉलिएस्टर सडत नाही. पण घामाच्या मळावर बुरशी त्याच्यावरही धरते. बुरशीचा खरा त्रास सुती आणि व्हिस्कोसला, आणि लोकरीला-रेशमाला भीती असते कसरीची. कसरीच्या अळ्या घाम, तेल, अन्नाचे डाग लागलेल्या जागा आधी कुरतडतात. म्हणून लोकरी शाल मळकी ठेवायची नाही, थंड पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवायची, पिळायची नाही, दोरीवर लोंबकळत न टाकता सावलीत आडवी पसरून वाळवायची. पावसाळ्याआधी खडखडीत सुकवून सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ऑक्टोबरचं ऊन पडलं की बाहेर काढून झटका.

मग घ्यायची कुठली? आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, तेव्हा किनाऱ्यावर रोजच्या वापराला सुती हातमागाची शाल नाहीतर मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीची पातळ शाल पुरते. दापोली-आंबोलीकडे राहणाऱ्यांनी किंवा रात्रीच्या एसी गाडीने मुंबईला जाणाऱ्यांनी लोकरी घ्यावी. आसामची एरी रेशमाची शाल मिळाली तर जरूर बघा, रेशीम असूनही उबदार असते आणि चमक फार नसते.

आणि मंडळांना विनंती. शाल-श्रीफळाला जी लखलखीत जरीकाठी सिंथेटिक शाल आणता ती सत्कारमूर्तीच्या घरी एकदाही अंगावर घेतली जात नाही, कपाटात तसल्या शालींचा गठ्ठा पडलेला असतो. थोडे पैसे वाढवून हातमागाचं सुती उपरणं नाहीतर सोलापुरी चादर द्या, आणि घेताना दुकानदाराला "मऊ दाखवा" न म्हणता "धागा कुठला, किती टक्के, बिलावर लिहून द्या" असं विचारा.