पाटीवर पहिलं नाव

पालिकेची बाग आम्ही काही जण मिळून सांभाळतो, आणि सांभाळणाऱ्यांच्या नावांच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून आमच्यात वाद झाला. ते पाटीचं प्रकरण पुन्हा उगाळत नाही. काल कट्ट्यावर विषय काढला तो अण्णांनीच. काढणारच, पहिलं नाव त्यांचं होतं ना.

"मला नावाची हौस नाही रे. पण बाग कोण सांभाळतं ते लोकांना कळायला नको? न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. सत्तरच्या दशकात पार रया गेली होती. १९८० साली नागरिकांनी संस्था काढली आणि आज बघा!"

"आज तिथे पगारी माळी आहेत अण्णा," सुमी म्हणाली. "देणग्या आहेत, शहराशी १९९८ पासून रीतसर करार आहे. आपल्याकडे एक गळका पाइप आहे आणि एक तुम्ही."

(मी सुमीच्या बाजूचा आहे, आधीच सांगून टाकतो. भर उन्हाळ्यात बादल्या उचलायला ती होती, मी होतो, तिसरं कुणी नव्हतं.)

सदाला एवढं पुरलं. "मी पहिल्यापासून ओरडतोय. तुम्ही झाडू घेतलात आणि पालिकेनं हात झटकले. आधी दोन माळी यायचे. आता एक येतो, तोही तुम्ही कसं काम करता ते बघायला. म्हणून मी तत्त्व म्हणून येत नाही."

"सकाळी साडेसहाला तुझं तत्त्व घोरत असतं. खालपर्यंत ऐकू येतं."

सदाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण हशात ते वाहून गेलं.

मग अण्णांनी वृक्षारोपणाचा आकडा काढला. पन्नास रोपं! सुमीनं शांतपणे विचारलं, "त्यातली जगली किती? सात. पुढे मेलेली उपटली तेव्हा निम्म्यांच्या मुळांना प्लॅस्टिकची पिशवी तशीच. फोटोची घाई होती ना! आणि जी जगली त्यांच्या बुंध्याला तुम्ही पाचोळा अगदी चिकटवून रचलात. आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब ठेवायचं असतं, नाहीतर साल कुजते."

"पाचोळ्याचं मला शिकवू नकोस."

ही चूक झाली. पाचोळा म्हटलं की खताच्या ढिगाची गोष्ट निघतेच. आम्ही तीन भाग वाळकी पानं, एक भाग कापलेलं हिरवं गवत असा ढीग लावला होता. पिळलेल्या फडक्याइतकी ओल. चार दिवसांत आतून असा तापला की हात ठेववेना. पंचावन्न-साठ अंशांवर जातो तो, तसा जायलाच हवा, त्यातच तणाचं बी मरतं. थंडीतली सकाळ, ढिगातून वाफ निघत होती. अण्णांना वाटलं आग लागली. तोच गळका पाइप घेऊन त्यांनी अर्धा तास आग विझवली. ढिगाचा चिखल झाला आणि पुढे महिनाभर बागेत कुणी नाक उघडलं नाही.

"सावधगिरी म्हणून केलं मी," अण्णा पुटपुटले.

"जाऊ दे," सुमी म्हणाली. "पाटीवर नावं वर्णमालेप्रमाणे लावू. भांडण नको."

अण्णा खुलले. "हे बोललीस! 'अ' पहिलाच."

"टोपणनावं नाहीत हं. पाळण्यातली."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सदा बोटांवर मोजायला लागला, "...स, ह, ळ, क्ष..." आणि कट्ट्यावरून खाली घसरला. अण्णांचं पाळण्यातलं नाव ज्ञानेश्वर.

"पाटी नकोच," अण्णा उठत म्हणाले. "मी आधीपासून तेच म्हणतोय."