‘नियम सगळ्यांनीच मोडले की!’: कोरोनाकाळाबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा गोषवारा असा: लॉकडाऊनचे नियम सगळ्यांनीच मोडले. नेत्यांना तर कामासाठी फिरावंच लागत होतं. त्यांच्या एखाद्या सभेनं किंवा लग्नानं साथ वाढली याला पुरावा नाही. उलट नेतेही कोरोनानं गेले. इंग्लंडात केकच्या तुकड्यावरून पंतप्रधान घालवला, तसला येडेपणा आपल्याकडे नको. ज्यांच्यावर एवढा राग होता त्यांनाच लोकांनी पुन्हा मतं दिली, मग राग खरा कसला? शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळ्यांनीच मोडले’

यात खोटं काही नाही. शटर अर्धं वर करून किराणा मिळत होता, मागच्या दारानं केस कापून मिळत होते, बोळात पत्त्यांचे डाव रंगत होते. खरं, मोडणाऱ्यानं किंमतही मोजली. भर चौकात उठाबशा झाल्या, पोटऱ्यांवर वळ उठले, गाड्या महिना महिना पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन खात पडल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये कर्नाटक सरकारनं मास्कचा दंड शहरात 1,000 आणि इतरत्र 500 रुपये केला. ओरड झाली तेव्हा तो 250 आणि 100 वर आला. रोजंदारीवर जाणाऱ्याला 250 सुद्धा काय असतात, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघू.

मार्च 2020. देशातला पहिला कोरोना मृत्यू कलबुर्गीत झाल्याचं स्पष्ट झालं, आणि 13 तारखेला मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मॉल, थिएटर बंद आणि गर्दीचे समारंभ, मोठी लग्नं आठवडाभर नकोत असं जाहीर केलं. दोन दिवसांनी, 15 मार्चला, ते स्वतः बेळगावात त्यांच्याच भाजपच्या एका विधानपरिषद सदस्याच्या घरच्या थाटामाटाच्या लग्नाला हजर होते. फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आले. कुणाला नोटीस नाही, कुणाला दंड नाही.

एप्रिल 2020. चिकोडी तालुक्यातल्या यक्संब्यात सुट्टीवर आलेला सीआरपीएफच्या कोब्रा तुकडीचा एक जवान घरासमोर मास्कविना दिसला. पोलिसांशी वाजलं. पोलिसांचं म्हणणं, त्यानंच आधी हात उचलला. ते धरून चाललो तरी पुढचं उरतंच: त्याला सदलगा पोलीस ठाण्यात नेऊन साखळीनं बांधलं, आणि अनवाणी बसलेल्या त्या जवानाचा फोटो देशभर फिरला. सीआरपीएफनं राज्याच्या पोलीस महासंचालकांना पत्र लिहिलं, जामीन झाला, फौजदार निलंबित झाला. सगळं खरं, पण साखळी आधी आणि चौकशी मागून.

तेव्हा ‘सगळ्यांनीच मोडले’ हे मान्य करूनही प्रश्न तसाच राहतो. मोडल्यावर कुणाचं काय झालं? नॉर्वेच्या पोलिसांना हा फरक नीट कळला होता. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांच्या साठाव्या वाढदिवसाला दहाची मर्यादा असताना तेरा जण जमले. एप्रिल 2021 मध्ये पोलिसांनी त्यांना 20,000 क्रोनर दंड केला. एरवी अशा प्रकरणात आम्ही बहुधा दंड केला नसता, पण निर्बंध घालण्यात ज्या सर्वांत पुढे होत्या त्यांच्याबाबत तो करणं योग्य, असा पोलिसांचा युक्तिवाद होता. आपल्याकडे हिशेब नेमका उलटा: जितकी मोठी खुर्ची, तितकी मोठी माफी.

‘नेत्यांना कामासाठी फिरावंच लागतं’

लागतंच. मंत्री सिव्हिल हॉस्पिटल बघायला आला, ऑक्सिजनचा साठा तपासायला आला, म्हणून कुणी नाक मुरडलेलं मला तरी आठवत नाही. दूधवाला, आशाताई, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांना सूट होती, त्यांच्यावरही कुणी डोळे वटारले नाहीत. सूट कशासाठी आहे ते लोकांना बरोबर कळतं.

मे 2020 मध्ये महाराष्ट्र, दिल्ली आणि आणखी काही राज्यांतून कर्नाटकात येणाऱ्याला सात दिवस सरकारी क्वारंटाइन सक्तीचं होतं. विमानसेवा सुरू झाली त्याच दिवशी, 25 मेला, केंद्रीय मंत्री सदानंद गौडा दिल्लीहून बेंगळुरूला उतरले आणि गाडीत बसून निघून गेले. औषध खातं आपल्याकडे आहे, आपल्याला सूट आहे, असं त्यांनी सांगितलं. राज्य सरकारनंही ते उचलून धरलं. कागदावर बघाल तर त्यांनी नियम मोडलाच नाही. लोक चिडले ते याच कागदावर.

कारण महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर त्याच नियमाचा चेहरा वेगळा होता. निपाणी आणि कागल ही दोन राज्यांतली गावं आहेत, हे आपल्याला निवडणुकीत आणि साथीतच आठवतं. एरवी नोकरी तिकडच्या एमआयडीसीत, दवाखाना कोल्हापूरला, निम्म्या सोयरिकी नाक्यापलीकडे. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत निपाणीच्या, माहेर कागल तालुक्यातलं. त्या मे महिन्यात त्यांचा भाऊ वारला. तिकडे जायची काहीतरी सोय झाली असती. परत यायचं तर कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर अर्ज, पास, आणि मग कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सात दिवस. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. ‘गेले असते हो, खरं म्हातारीला कोण बघणार हुतं?’ शेजारच्या पोराच्या मोबाइलवर त्यांनी भावाची शेवटची आंघोळ बघितली. रेंज जात होती, चित्र थांबत होतं, आणि पोरगं हात उंच धरून खिडकीपाशी उभं होतं.

त्या मावशींना औषध खात्याच्या मंत्र्याची सूट समजावून सांगा. मी वाट बघतो.

‘एका सभेनं साथ वाढली याला पुरावा काय?’

एका ठरावीक सभेतून किती जणांना लागण झाली, हे मोजून दाखवणं अवघडच. पण हा निकष सगळ्यांना लावा ना. यक्संब्याच्या जवानामुळे किती जणांना कोरोना झाला, असं त्याला बांधण्याआधी कुणी विचारलं होतं का? गणपतीच्या मंडळांना? 2020 साली बेळगावचा गणेशोत्सव मिरवणुकीविना झाला. सौंदत्तीच्या यल्लम्माची दारं महिनोन्महिने बंद होती. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी; तिला कोरोनाचं कारण देऊन परवानगी नाकारली, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला बेळगावच्या मराठा मंदिर सभागृहात बसून निषेध नोंदवावा लागला. (त्याच दिवशीचा, कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सवही त्या वर्षी आखडताच झाला, तेही सांगितलं पाहिजे.) या सगळ्या वेळी ‘धोका संभवतो’ एवढं पुरेसं होतं, पुरावा कुणी मागितला नव्हता.

आणि मग 17 जानेवारी 2021 ला याच बेळगावात केंद्रीय गृहमंत्री अमित शहांची सभा झाली. मैदान खच्चून भरलेलं, अंतराचा पत्ता नाही, मास्क कुणाच्या हनुवटीवर तर कुणाच्या खिशात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पोलिसांनी काही जणांकडून दंड वसूल केला होता, आयोजकांवर गुन्हा मात्र नोंदवला नव्हता. जून 2021 मध्ये खंडपीठानं बेळगावच्या पोलीस आयुक्तांना त्यावरून खडसावलं. म्हणजे सभेला आलेल्या माणसाच्या खिशातून दंड गेला, सभा भरवणारा मोकळा. मेसेजवाल्यांना हा राग ‘विरोधकांचा कांगावा’ वाटत असेल, तर तो मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठानंही केला म्हणायचं.

शिवाय नुकसान लागणीपुरतंच मोजायचं असंही नाही. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत लंडनहून शेकडो किलोमीटरवरच्या डरहॅमला गेल्याचं 22 मे 2020 ला उघड झालं. त्या काळात तिथं सुमारे 40 हजार लोकांची सतत पाहणी चालू होती, ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास त्यानंतरच्या दिवसांत झपकन खाली आला; स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जिथं लोक आपापल्या सरकारबद्दल उत्तर देत होते, तसं झालं नाही. साथीत सरकारजवळ पोलीस कमी आणि माणसं फार, त्यामुळे लोकांनी आपणहून ऐकण्यावरच सगळी भिस्त असते. तो भरवसा वरच्या माणसानं खर्चून टाकला, तर पुढचा आदेश घेऊन गल्लीत येतो तो साधा हवालदार, आणि शिव्या त्यालाच खाव्या लागतात.

‘नेतेही कोरोनानं गेले’

गेले. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी 23 सप्टेंबर 2020 ला दिल्लीत एम्समध्ये गेले. नियमाप्रमाणे अंत्यविधी दिल्लीतच उरकले. चार वेळा निवडून दिलेल्या मतदारसंघाला शेवटचं दर्शन मिळालं नाही. तो नियम त्यांच्या घरच्यांनी पाळला, आणि त्याबद्दल त्यांच्या विरोधकांनीही हळहळ व्यक्त केली. हा मुद्दा मेसेजच्या बाजूनं जात नाही. नेत्याला नियम पाळता येतो, आणि पाळला की लोक ते बघतात, एवढंच यातून दिसतं.

‘केकच्या तुकड्यावरून पंतप्रधान घालवला’

इथं मेसेज सरळ चुकीचा आहे. बोरिस जॉन्सन यांना 19 जून 2020 च्या वाढदिवसाच्या जमावाबद्दल एप्रिल 2022 मध्ये दंड झाला, तो अवघा 50 पौंडांचा. तो भरून ते खुर्चीवर बसूनच होते. सरकारी कचेऱ्यांतल्या पार्ट्यांबद्दल पोलिसांनी एकूण 126 दंड ठोठावले होते. जुलै 2022 मध्ये त्यांना जावं लागलं ते दुसऱ्याच एका सहकाऱ्याच्या नेमणुकीवरून मंत्र्यांनी रांगेनं राजीनामे दिले म्हणून. पार्ट्यांनी विश्वास आधीच पोखरला होता, हे खरं. आणि जून 2023 मध्ये संसदीय समितीनं ठपका ठेवला तो केक खाल्ल्याचा नव्हता, पार्ट्यांबद्दल सभागृहाची दिशाभूल केल्याचा होता.

तिथला राग समजायचा तर एक तारीख पुरे. 17 एप्रिल 2021 ला राणी एलिझाबेथ नवऱ्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये एकटी बसली होती. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत पार्ट्या झाल्या होत्या. पुढे कचेरीनं राजवाड्याची माफी मागितली. आपल्या मावशी आणि ती राणी यांच्यात बाकी काही सारखं नसेल, पण दोघींनीही जवळच्या माणसाला नियमाच्या चौकटीत राहूनच निरोप दिला होता.

‘हा एकाच पक्षावरचा राग’

हे मेसेजमध्ये थेट नाही, पण वास तोच येतो. म्हणून सांगतो: जानेवारी 2022 मध्ये वीकेंड कर्फ्यू असताना काँग्रेसनं कावेरीवरच्या मेकेदाटू धरणाच्या मागणीसाठी पदयात्रा काढली. डी. के. शिवकुमार आणि इतरांवर गुन्हे दाखल झाले, उच्च न्यायालयानं झापलं, तेव्हा कुठे यात्रा थांबली. त्याच महिन्यात हुक्केरीचे तेव्हाचे आमदार आणि मंत्री, भाजपचे उमेश कत्ती मास्कविना फिरताना दिसले. विचारल्यावर उत्तर काय, तर मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, मला वाटला नाही म्हणून घातला नाही. तिकडे कोपऱ्यावर पावती पुस्तक घेऊन मार्शल उभे होते, त्यांना हे कुणी कळवलं नव्हतं.

उलट काही वेळा लोकांचाच तोल गेला. मंत्री डॉ. सुधाकर एप्रिल 2020 मध्ये मुलांबरोबर पोहतानाचा फोटो टाकून बसले आणि राजीनाम्याची मागणी झाली. फोटो टाकण्यात अक्कल नव्हती, कबूल. पण मुलांबरोबर पोहल्यानं त्यांनी दुसऱ्या कुणाची वाट अडवली नव्हती. त्याला मी या यादीत धरत नाही.

‘लोकांनी पुन्हा मतं दिलीच ना?’

बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक 17 एप्रिल 2021 ला झाली. 2019 मध्ये अंगडी पावणेचार लाखांहून जास्त मतांनी आले होते. 2021 मध्ये त्यांच्या पत्नी मंगला अंगडी 5,240 मतांनी आल्या. यावरून ‘लोकांनी माफ केलं’ म्हणणं जितकं पोकळ, तितकंच ‘लोकांनी धडा शिकवला’ म्हणणंही. समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली, ती मराठीच्या प्रश्नावर पडली. लोक मत देताना शंभर गोष्टी बघतात, लॉकडाऊन त्यातली एक.

पण मतांचा विषय मेसेजनंच काढलाय, तर तारखाही लावून बघू. दुसरी लाट चढत असताना प्रचार जोरात होता. त्या प्रचारात फिरलेले मुख्यमंत्री 16 एप्रिलला दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह निघाले. 17 ला मतदान झालं. 27 च्या रात्रीपासून राज्य पुन्हा बंद. पुढे 14 जूनला बऱ्याच जिल्ह्यांतले निर्बंध सैल झाले, तेव्हा कडक निर्बंध कायम ठेवलेल्या अकरा जिल्ह्यांत बेळगावचं नाव होतं.