गुळाच्या खड्याने छाती धुतली जात नाही

आमच्या भंडाऱ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: "गिट्टी खदानीतल्या, क्रशरवरच्या भावांनो, घाबरू नका. तोंडाला दुपट्टा बांधा, घरी आलं की गुळाचा खडा खा, छातीतली धूळ निघून जाते, हे संशोधनानेही सिद्ध झालं आहे. आपले आजे जन्मभर दगड फोडत होते, त्यांना काय झालं? खोकला धरलाच तर टीबीच्या गोळ्या घ्या." पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण हे वाचून कोणी उद्या निर्धास्तपणे धुराळ्यात उभा राहील, याची मला भीती वाटते.

आधी गूळ. गूळ चघळला की लाळ सुटते, घशाची खवखव थांबते, अडकलेली जाड धूळ पोटात उतरते. हा आराम खरा आहे, म्हणून तर या उपायावर एवढा विश्वास बसला. पण जीव घेणारी धूळ घशात थांबतच नाही. पाच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढेही नसलेले सिलिकाचे, म्हणजे दगडातल्या एका खनिजाचे, कण श्वासासोबत थेट फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांत जातात. गूळ जातो अन्ननलिकेतून, तो तिथवर पोचणार कसा? सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात आणि त्यांनीच मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. दर वेळी सूज, दर वेळी व्रण. मऊ फुप्फुस गाठी धरत निबर होतं, तोच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

राहिलं संशोधन. लखनौच्या शास्त्रज्ञांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग उंदरांवरचा आहे. त्यांच्या फुप्फुसात धूळ घालून गूळ दिला, तर कण जास्त प्रमाणात बाहेर सरकल्याचं दिसलं. वर्षानुवर्षं रोज आठ तास धूळ ओढणारा मजूर गुळाने वाचतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुपट्ट्याचं थोडक्यात सांगतो. त्याच्या विणीतून हे कण सहज पार होतात.

आजांचं मात्र नीट सांगायला हवं. ते उघड्यावर, घण-छिन्नीने दगड फोडत. आज ड्रिल, क्रशर आणि टाइल कटर तासाभरात दगडाचं पीठ करतात, आणि नुकत्याच फुटलेल्या कणाची धार जास्त घातक असते. शिवाय आजांना काही झालं नाही हे तपासलं कोणी? "दम्यानं गेले", "खोकल्यानं गेले" असं म्हणून किती जण विसरले गेले! दगडही सगळीकडे सारखा नाही. यवतमाळ-अमरावतीच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते, भंडारा-गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइट आणि गारेच्या दगडात भरपूर.

टीबीच्या गोळ्यांचा सल्ला मला सगळ्यात जास्त लागला. माझ्या चुलतभावाला दोनदा टीबीचा कोर्स दिला गेला. काय काम करतोस, हे एकदाही कोणी विचारलं नाही. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो, तेव्हा त्या गोळ्या लागूही शकतात, पण त्या तपासणीनंतर आणि डॉक्टरांनी दिल्या तरच घ्यायच्या. त्यांनी टीबी जातो, फुप्फुसातला दगड तिथेच राहतो.

धूळ आत गेल्यावर काढता येत नाही, तेव्हा ती उठूच द्यायची नाही. ड्रिलच्या टोकाला पाणी, क्रशरच्या तोंडाशी आणि पट्ट्यावर फवारा, यंत्राला झाकण, कोरडा झाडू बंद. उन्हाळ्यात पाणी नाही असं मालक म्हणतात, पण बारीक फवाऱ्याला टँकर लागत नाहीत. एन-९५ मास्क द्यायलाच हवा, पण पाण्यानंतर. दाढीवर तो घट्ट बसत नाही, आणि पारा ४५ वर गेला की घामाने ओला होऊन गळ्यात येतो. कामाचे कपडे घरी झटकू नका, ती धूळ लेकरांच्या नाकात जाते.

आणि दवाखान्यात गेलात तर कोणी विचारायची वाट पाहू नका. कुठल्या खदानीत, कोणत्या यंत्रावर, किती वर्षं, हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस आढळला तर डॉक्टरांनी तो सरकारला कळवावा, असं १९४८च्या कारखाना कायद्यानेच सांगितलं होतं. कामातून झालेला आजार म्हणून त्याची भरपाईही मागता येते. कागदावर नुसता "टीबी" लिहिला गेला, तर ती मागायला हातात काहीच उरत नाही.