'कॅन्सरची जीन सगळ्यांतच असते' म्हणे! मग तंबाखू कशाला सोडायची?

लातूर, बीड, धाराशिवकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय, कॅन्सरची जीन प्रत्येकात जन्मापासून असते. नशिबात असेल त्याची जागी होते, मग तंबाखू खा नाहीतर सोडा. ज्या घरात पेशंट निघाला तिथं सोयरीक करू नका. सीताफळाच्या पानांच्या काढ्यानं जीन परत झोपते. गाठीला सुई मात्र लावू देऊ नका, सुईनं ती खवळते.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्याच आडून बाकीचं खपतं.

ते अर्धं खरं आलं कुठून? पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा अर्क बारीक गाळणीतून गाळला आणि दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली. कारण निघालं एक विषाणू. पुढे त्या विषाणूत गाठ घडवणारं 'सार्क' हे जनुक (म्हणजेच जीन) सापडलं. खरा धक्का बसला १९७६ मध्ये. मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस आणि सहकाऱ्यांना तेच जनुक निरोगी कोंबडीच्या पेशींत आढळलं. बदकात, टर्कीत, एमूतही आढळलं. म्हणजे विषाणूनं ते पक्ष्यांकडूनच उचललं होतं. या शोधाला १९८९ चं नोबेल मिळालं. माणसांतही अशी जनुकं आहेत, हे नंतर कळलं.

पण निरोगी पेशीतलं हे जनुक कॅन्सर करायला बसलेलं नसतं. त्याला प्रोटो-ऑन्कोजीन म्हणतात. पेशीला वाढीचा आणि विभागणीचा निरोप पोचवणं हे त्याचं रोजचं काम. जखम भरते, रोज नवं रक्त तयार होतं, ते असल्या जनुकांच्या जिवावर. उंदराच्या गर्भातून के-रास हे असंच एक जनुक काढून टाकलं तर पिल्लू पोटातच मरतं. तेव्हा ते 'सगळ्यांत असतं' ही घाबरायची गोष्ट नाही.

त्या जनुकावरून बनणाऱ्या रास प्रथिनाचं काम विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसारखं आहे: निरोप आला की चालू, काम झालं की बंद. यातलं लाल बटण निकामी झालं, म्हणजे मोटार बंदच होईना, तर त्या जनुकाचं ऑन्कोजीन झालं. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत हे नेमकं दिसलं. जनुकं डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असतात. एच-रास या के-रासच्या भावंड जनुकात त्यातलं एकच अक्षर बदललं होतं, 'जी'च्या जागी 'टी'. तेवढ्यानं प्रथिनाच्या साखळीत १२व्या जागी ग्लायसिन या कडीऐवजी व्हॅलिन ही कडी आली. बिघाड दुसऱ्या वाटांनीही होतो. स्तनाच्या काही कर्करोगांत हर-२ जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात. रक्ताच्या एका कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि दोन जनुकं जोडली जाऊन एक नवंच तयार होतं.

आणि एवढ्यानंही भागत नाही. अंगावरच्या बहुतेक तिळांत बी-राफ नावाचं ऑन्कोजीन बिघडलेलं असतं, तरी ते तीळ जन्मभर तीळच राहतात. पेशीवर पी-५३सारख्या रोखणाऱ्या जनुकांचा पहारा असतो. तोही ढासळावा लागतो. म्हणून कॅन्सर बहुधा वर्षानुवर्षं घडत जातो, एका रात्रीत 'जागा' होत नाही.

आता तंबाखू. अक्षरं बदलतात ती निव्वळ नशिबानं नाही. पेशी विभागताना नकलेत चुका होतात, हे खरं. त्यात योगायोगाचा भागही आहे, म्हणून तर ऐंशीपर्यंत तंबाखू मळणारे आजोबा प्रत्येक गावात दाखवता येतात. पण तंबाखूतली नायट्रोसामाइन ही रसायनं डीएनएला चिकटतात आणि चुका वाढवतात. तंबाखू खाणाऱ्या भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या कर्करोगांत सुमारे एकतृतीयांश नमुन्यांत एच-रास बिघडलेलं असल्याचं १९९१ मध्येच प्रसिद्ध झालं. हे तेच, वर सांगितलेलं जनुक. मिश्रीही यातच आली. ती भाजलेली तंबाखूच असते, पण बायकांना विचारलं की 'तंबाखू नाही खात' असंच उत्तर येतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते सांगायला नको.

नशिबाच्या गोष्टीला आपल्याच मातीतलं उत्तर आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू स्वतःची दोन ऑन्कोजीनं घेऊन येतो, ई-६ आणि ई-७, आणि ती पेशीचा पहाराच मोडतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी दिली, त्यात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नशीब एका तपासणीनं निम्मं होत नसतं.

सोयरिकीचं थोडक्यात. ऑन्कोजीनमधले बहुतेक बदल आयुष्यात, त्या एका अवयवात होतात. ते लेकराबाळांत उतरत नाहीत. आनुवंशिक कर्करोग शंभरात पाच-दहा. त्यांतही बहुतेक वेळा बिघाड बीआरसीए-१सारख्या रोखणाऱ्या जनुकात असतो. थायरॉइडच्या एका कर्करोगातलं रेट हे ऑन्कोजीन वारशानं येतं, पण तो अपवाद. एका पेशंटवरून अख्खं घर बाद करणं हा निव्वळ अन्याय आहे.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. बदललेलं अक्षर कुठलंही पान उकळून परत जागेवर येत नाही. सीताफळ बालाघाटच्या डोंगरातलं गोड फळ आहे, ते खावं. बियांची पूड मात्र डोळ्याला इजा करते, हे उवा मारायला ती लावणाऱ्यांना ठाऊक आहे.

राहिली गाठीतून तपासणीचा नमुना काढणारी सुई, आणि सगळ्यात घातक वाक्य हेच. सुई डीएनएचं अक्षर बदलत नाही. काही ठरावीक गाठींत सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो. डॉक्टर तो धरूनच जागा ठरवतात किंवा तिथं सुई टाळतात. पण नमुनाच घेतला नाही तर कोणतं जनुक बिघडलंय हे कळणार कसं? हर-२ वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध चालतं, नसेल तर त्याचा उपयोग सहसा होत नाही. ९ आणि २२ च्या अदलाबदलीतून जे जनुक बनतं, त्याच्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली आणि एकेकाळी जिवावर उठणारा तो रक्ताचा कर्करोग कित्येकांसाठी रोज गोळी घेऊन जगण्याचा आजार झाला. ती कुणाला द्यायची हे रक्ताचा किंवा मज्जेचा नमुना तपासल्यावरच ठरतं, आणि तो नमुना सुईनंच काढतात.