तंटा मिटला

दात नसलेल्या प्राण्याने धरलं तर त्याला चावा म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरी रविवारपासून एकमत होत नाही. बायको म्हणते, "धरलं असंन जरासं." माझी पोटरी निळी पडली आहे. खाकी पँट चढवताना आज मंगळवारीही कळ येते, आणि गाडीत तिकिटं फाडत उभं राहायचं ते वेगळंच.

झालं ते असं. घरामागच्या सांदवाडीत नऊ बदकं आहेत. त्यांचं सिमेंटचं टाकं घासायला मी वाकलो. मागून नर आला, त्याने पोटरी चोचीत धरली आणि चिमटा काढून पिळावी तशी पिळली. वर पंखांनी फटके देत राहिला. मी एका पायावर, हातात काथ्या आणि तोंडात अशी भाषा, जी सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या प्रवाशालाही मी कधी ऐकवली नाही.

हा नर माझ्या सासुरवाडीचा. सासऱ्यांनी हौसेने दोन नर, चार माद्या दिल्या. म्हणून त्यातल्या मोठ्याला मी साळेबुवा म्हणतो. बायकोला ते खपत नाही, पण त्याला विकलेलंही खपत नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला सासरे येतील, तेव्हा दोन्ही नर धडधाकट दिसले पाहिजेत. पुढे आठवडी बाजारातून मी आणखी तीन पिल्लं आणली. विकणाऱ्याने लेकराची आण घेऊन सांगितलं होतं, तिन्ही माद्याच. तीन-चार महिन्यांनी त्यातल्या एकीच्या शेपटीवरचं पीस वर वळलं. आवाजही फुटेना. मादी गल्ली जागी करते. नराचा आवाज मात्र प्रचाराच्या शेवटच्या दिवशी उमेदवाराचा घसा बसावा तसा असतो. म्हणजे तीन नर, सहा माद्या. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते पांढरीला. नर मादीची मान चोचीत धरतो, त्यात तिच्या मानेवर पीस म्हणून राहिलं नाही.

तर मी एका पायावर असतानाच कुंपणाबाहेर आबाजी थांबले. तोंडात कडुलिंबाची काडी.

आबाजींबद्दल सांगायला हवं. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा आमच्या गावात समितीचे अध्यक्ष आबाजी. पुढे अध्यक्ष बदलले, रजिस्टर मात्र आबाजींच्या बगलेतच राहिलं. तंटा दिसला की त्यांना उभारी येते. नाही दिसला की गुडघे दुखतात.

"काय तंटा हाये जी, कंडक्टर?"

"तंटा नाई आबाजी, बदक हाये."

"ते दिसून राह्यलं. दुसरा पक्ष कोन?"

"पक्षी हा एकच जी. दुसरा मी."

आबाजी आत आले. प्लॅस्टिकची खुर्ची मागवली, चहा सांगितला, काडी थुंकली आणि रजिस्टर उघडलं. मी पाय सोडवून घेतला होता, पण तो मुद्दा आता गौण होता. माझ्या तक्रारीपेक्षा पांढरीची तक्रार जुनी, म्हणून वादी पांढरी. प्रतिवादी साळेबुवा. साक्षीदार म्हणून बायकोला बोलावलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी काई पाह्यलं नाई." हसणं मात्र सगळ्या आळीने ऐकलं होतं.

"जमिनीचा वाद हाये का?"

"जागा कमी पडते जी त्याइले. दाटीनं जास्त भांडतात."

आबाजींनी सांदवाडी पावलांनी मोजली. सोळा गुणिले अकरा. "एवढी जागा नऊ जनाले? आमी याच्यापेक्षा लहान घरात तेरा जन राहत होतो."

"मंग भांडन होत नव्हतं?"

"रोज होये." आणि त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं, देव जाणे.

मी तीन नरांचं गणित समजावून सांगितलं. आबाजींनी बोटं मोजली. "तीन नवरदेव, सहा नवऱ्या. दोन-दोन वाटून द्या ना. समान हिस्सा."

"बदकाइत असं होत नाई जी. एका नराले पाच-सहा लागतात."

आबाजींनी पेन खाली ठेवलं. "एकाले सहा? हे कायद्यात बसत नाई, कंडक्टर." बायकोकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. हा प्रस्ताव मी कुठल्या हेतूने मांडतोय, याचा त्यांना संशय आला असावा.

खरं तर कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या माणसाने १९२१ मध्ये कोंबड्यांचा अभ्यास करून ती लिहून काढली. मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, पण तो एकदा साकोलीकडच्या बाजाराच्या गाडीत चढला असता तर काम लवकर आटपलं असतं. तीन जणांच्या सीटवर चौथा येतो, "सरका जी जरासं" म्हणतो, आणि पुढच्या थांब्यापर्यंत कोण खिडकीशी, कोण मधे आणि कोण अर्धा बाहेर हे ठरून गेलेलं असतं. पुढच्या थांब्याला नवा चढला की पुन्हा पहिल्यापासून. बाजारातली तीन पिल्लं मी थेट जुन्यांत सोडली, तिथेच चुकलं. आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकांची तोंडं तेवढी दिसू द्यायची असतात. हे मला कोणीच सांगितलं नाही. चावल्यावर सांगायला मात्र अख्खी आळी आली.

तर निकाल. "तंटा मिटला का दोन्ही पक्षाले एका ताटात जेवाले बसवावं," आबाजी म्हणाले. मी हात जोडले. बदकांना एका ताटात कधी घालू नये. दोन-तीन भांडी लांब लांब ठेवावीत, म्हणजे दांडग्याला सगळीकडे राखण करता येत नाही. "तुमी कंडक्टर का मी अध्यक्ष?" म्हणत त्यांनी स्वतः परातीत तांदळाची कनकी आणि कोंडा कालवला आणि परात दोन नरांच्या मधे ठेवली.

साळेबुवाने आधी भावाची मान धरली. भाऊ परातीत पडला. परात उलटली ती आबाजींच्या धोतरावर, आणि धोतरावरची कनकी वेचायला नऊच्या नऊ बदकं धावली. आबाजी खुर्चीवर चढले. प्लॅस्टिकची खुर्ची ती, तिचा एक पाय आधीच दोरीने बांधलेला. तरी रजिस्टर त्यांनी वर धरलं होतं, कोरडं.

इथवर मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट घशात अडकली आहे. माझ्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, चुलतभाऊ दर नांगरणीला हातभर सरकवतो. तीन वर्षं झाली आबाजींना अर्ज देऊन. तीन वर्षांत ते एकदाही बांधीवर आले नाहीत. विचारलं की म्हणतात, "प्रकरन न्यायप्रविष्ट हाये." कोर्टात कोणी गेलेलंच नाही! चुलतभाऊ त्यांच्या घरी दर हंगामात तांदळाचं पोतं टाकतो, हे मात्र आमच्या गाडीतल्या प्रवाशांनाही ठाऊक आहे. आणि बदकांसाठी हा माणूस सव्वा तास बसला, दोन चहा प्यायला, खुर्चीवरही चढला.

"चला, सही करा," आबाजी खाली उतरत म्हणाले. "आपसात मिटलं."

पोटरी ठणकत होती, सहाचे आठ वाजले होते, मी सही केली. दुपट्ट्यात सहा अंडी बांधून ते निघाले, तेव्हा मुलगी रजिस्टरवर वाकून अजून वाचतच होती. "बाबा, यात बदकाचं नाई ना. 'वादी व त्याचा चुलतभाऊ यांच्यातील धुऱ्याचा वाद सामोपचाराने मिटला' असं हाये."

मी लंगडत कुंपणापर्यंत गेलो. "आबाजी! हे काय जी?"

"एकाच बैठकीत दोन मिटले," त्यांनी न वळता हात हलवला. "बरं झालं ना."

बदकांचं त्याच संध्याकाळी मीच केलं. बांबूचा कूड घालून साळेबुवा आणि त्याच्या भावाला एकीकडे काढलं. मधे मादी नसली की नर आपसात गुमान राहतात. दोघं आता जुन्या मित्रांसारखे पडून असतात. बाजारातला तिसरा सहा जणींत आहे. पांढरीच्या मानेवर आता खुंट येतील, अशी आशा आहे. बायको बोलत नाही. "बाजारातल्याले सहा, आन माहेरच्याले कोंडवाडा," एवढं एकदा म्हणाली.

काल ड्युटीवरून येताना बांधीकडून आलो. धुरा आणखी वीतभर इकडे आलाय.