उपनय म्हणजे पुनरुक्ती नव्हे
न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत अनुमान मांडायचे पाच अवयव (टप्पे) म्हणजे ॲरिस्टॉटलच्या अनुमानातली तीनच विधानं, दोन जास्तीची घोळवलेली, असं एका लेखात म्हटलंय. ते पटत नाही. क्रम बघा : डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), या डोंगरावर तसाच, आगीशिवाय न राहणारा धूर आहे (उपनय), म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन). उपनयात हेतू नुसता परत येत नाही, तो व्याप्तीसकट, म्हणजे 'जिथे धूर तिथे आग' या नियमासकट, डोंगराला लावला जातो. शिवाय ही मांडणी समोरच्याला पटवण्यासाठीची, म्हणजे परार्थानुमान. स्वतःपुरतं अनुमान करताना पाच वाक्यं लागतच नाहीत. आणि तीन अवयव पुरेत हे आपले मीमांसकही (मीमांसा या दुसऱ्या भारतीय दर्शनाचे लोक) म्हणत होते, त्यासाठी ग्रीसला जायला नको!

खरी गफलत व्याप्तीत होते. नियम उलटा फिरवून 'जिथे आग तिथे धूर' म्हटलं की संपलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ही लपलेली अट म्हणजे उपाधी, आणि असा हेतू सव्यभिचार, म्हणजे जे सिद्ध करायचं ते नसतानाही सापडणारा. उलट 'तळ्यात आग आहे, कारण तिथे धूर आहे' यात व्याप्ती शाबूत आहे, पण तळ्यात धूरच नाही, हेतू असिद्ध. पहिला दोष दाखवायला प्रतिउदाहरण शोधावं लागतं. दुसऱ्यात 'आधी धूर दाखवा' एवढंच म्हणायचं.